कॉलर धरली, चेहरा चुकला

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे प्रत्यक्ष जमत नाही, म्हणून कागदावरच उरकते). तुमची दाढ काढली का? मामींचा खोकला कसा आहे? आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे आणि घरचे मला सहन करताहेत.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी कॉलेजात नाव घातलं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. मानसशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र, दोन्ही एकत्र, पहिलं वर्ष. (पहिल्यात माणूस असा का वागतो ते शिकवतात, दुसऱ्यात तसं वागल्यावर पुढे काय होतं ते. लग्नाआधी दोन्ही शिकायला हवं होतं.) तुम्ही म्हणाल, तुरुंगात तीस वर्षं काढली, पुस्तक न उघडता सगळं कळलं. पण तुम्ही जमादार होता मामा, तुम्हाला गुन्हेगार आयते मिळायचे. मला सकाळभर लाँड्रीच्या काउंटरवर लोकांचे डाग तपासून मग धावतपळत वर्ग गाठावा लागतो.

गेल्या मंगळवारी आमच्या प्राध्यापक बाई फळ्यावर लिहीत होत्या. तेवढ्यात एक माणूस दार ढकलून आत आला, टेबलावरची त्यांची पर्स उचलली आणि पळाला. बाई किंचाळल्या. साठ पोरंपोरी जागच्या जागी! कुणी हूं की चूं केलं नाही. (गर्दीत प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी उठेल. हा धडा पुढच्या आठवड्यात होता, मला कसं कळणार?) मी उठले. जिन्यात गुडघ्यानं जाब विचारला, पण ऐकते कोण! सायकलस्टँडपाशी त्याची कॉलर धरली.

"अहो काकू, सोडा! मी बाईंचा नवरा आहे!"

"सगळे असंच काहीतरी सांगतात," मी म्हटलं आणि दुसरा हातही लावला.

तो खरंच नवरा निघाला. चोरी ठरवून केलेली होती, साक्षीदाराला किती आठवतं ते तपासायला. बाईंनी धापा टाकत येऊन त्याला सोडवलं, दाराआड उभं केलं आणि आम्हाला चोराचं वर्णन लिहायला सांगितलं. मला हसूच आलं. बाकीच्यांनी त्याला चार सेकंद पाहिलेलं, मी चांगली पाच मिनिटं नाकाला नाक लावून उभी होते. ठासून लिहिलं: जाड मिशी, गालावर तीळ, वय तिशीचं. शर्ट फिका निळा, कॉलर उलटून शिवलेली, तिसरं बटण पांढऱ्या दोऱ्यानं लावलेलं.

मग त्याला पुढे आणलं. मिशी नाही. तीळ नाही. पन्नाशी उलटलेली. शर्ट मात्र दोऱ्यापर्यंत बरोबर!

वर्ग पोट धरून हसला. मीही हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चुकलात त्याचं काही नाही. पण तुमच्या अख्ख्या कागदावर 'बहुतेक' हा शब्द एकदाही नाही."

घरचे म्हणाले, "झाली ना शोभा? आता सोड ते कॉलेज." सोडते कसली! दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर जाऊन बसले. परीक्षा देणार आणि पास होणार, मग पोरं काकू म्हणोत नाहीतर आजी.

तुमची,
हट्टी भाची

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. मी अकरा वर्षांची असताना तुमचं खिडकीत ठेवलेलं घड्याळ नाहीसं झालं आणि मी घर रंगवायला आलेल्या रंगाऱ्याचं नाव सांगितलं. "पोरीची नजर घारीची," म्हणालात तुम्ही. त्याला गल्लीत पुन्हा कुणी कामाला बोलावलं नाही. चार दिवस आठवून पाहतेय. खिडकीजवळून कोणीतरी गेलं, इतकंच दिसतं. चेहरा नाही. तेव्हाही नव्हता. तुम्ही "तोच ना?" विचारलंत आणि मी "हो" म्हटलं. (असा प्रश्न विचारू नये, यावर आम्हाला अख्खा धडा आहे.) त्याचा पत्ता शोधून द्या.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवणार तोच मामींचा फोन आला, त्यांनाच विचारलं. पत्ता मिळाला. घड्याळ त्याच वर्षी कपाटामागे सापडलं होतं, हेही कळलं. मी रागावलेले नाही. (बहुतेक.) रविवारी दहाच्या गाडीनं येते. दाढी करून तयार राहा, माफी मागायला तिघंही जाऊ.