गोटमार अजून संपली नाही

५ मे. सौसर जेल.
आजपासून रोजनिशी. उद्या कोणाले पुरावा पायजे असला तर असू द्यावा.

खरं पाहता मी अटकेत नाही, तत्त्वावर बसलो आहे. गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या साळ्याच्या, अभिजीतच्या, कपाळावर गोटा मारला, एवढंच. तीन टाके पडले. त्यानं लगेच पोलिसात रिपोर्ट टाकली. मी पेशीले, म्हणजे कोर्टाच्या तारखेले, गेलो नाही, कारण गेलो असतो तर केस आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. चार पेश्या गेलो नाही. मग वॉरंट.

दुपारी सरकारी मदतीची वकील श्रुती मॅडम आली. पोरगीच आहे. जमानतीचा अर्ज लिहूनच आणला होता. म्हणे, काका, इथं एक सही करा, आठ दिवसांत घरी जाल. मी म्हणलं, जमानत मुलजिम मागते. मी काय मुलजिम आहो, आरोपी आहो? तिनं एकदा माझ्या मागच्या गजांकडे पाहिलं अन् अर्ज पिशवीत ठेवला.

६ मे. सकाळी.
श्रुती मॅडमले सुट्टी दिली. आपली केस आपणच लढणार. तहसीलसमोर वीस वर्षं टायपिंग केली आहे. पांढुर्ण्यातले अर्धे वकील माझ्या टेबलावर स्पेलिंग शिकले.

पोळ्याले घरी. पक्कं.

९ मे.
पिटीशन नंबर एक तयार. थेट जबलपूर, हायकोर्ट. मागणी: पांढुर्ण्याच्या जज मॅडमले आदेश द्यावा की बाकी सगळं बाजूले ठेवून आधी एकाच प्रश्नाचा निकाल द्या. गोटमार संपली होती का नव्हती?

जबलपूरवाल्यांले कळावं म्हणून फोड करून लिहिलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. मधात पळसाचं झाड, त्याले झेंडा. दिवसभर गोटे. पांढुर्ण्यानं झाड तोडून झेंडा चंडीमायच्या देवळात नेला की खेळ खतम. त्या दिवशीच्या गोट्याची रिपोर्ट कोणी टाकत नाही, आमच्या पणजोबापासून नाही. आता गेल्या साली अंधार पडेस्तोवर झाड तुटलंच नाही. दोन्हीकडच्यांनी समझोता करून झेंडा देवळात नेला. समझोता म्हणजे निकाल नव्हे, युअर लॉर्डशिप. निकाल नाही म्हणजे खेळ चालू. खेळ चालू होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता अभिजीत आपल्या मोबाइलच्या दुकानाचं शटर उघडून राहिला होता तेव्हा मारलेला माझा गोटा हा गोटमारीचाच गोटा.

जेलर साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. बहुतेक भारावले.

१८ मे.
सुनंदा मुलाकातीले आली. बायको माझी, पण माहेर सावरगावचं, त्यामुळं तिचं मत कायद्यात धरता येत नाही. म्हणे, तुम्ही फक्त चुकलं म्हणा, मी अभिजीतले राजी करतो. मी म्हणलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणे, तत्त्वाले डब्यात भाकर लागत नाही, तुम्हाले लागते. डब्यात झुणका होता. बरा होता. लय बरा होता.

२ जून.
जबलपूरहून उत्तर नाही. पिटीशन नंबर दोन. ह्यात मास्टरस्ट्रोक टाकला: केसची मूळ फाइल जज मॅडमकडून मागवून घ्यावी, म्हणजे लॉर्डशिपले सत्य डोळ्यानं दिसंल.

बराकीत माझ्या शेजारी लोधीखेड्याचा भिवाजी आहे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजाऱ्याशी मारामारी. त्याले पिटीशन वाचून दाखवली. दुसऱ्या पानावर घोरू लागला. अडाणी माणसाचा नाइलाज आहे.

२४ जून.
विजय!! हायकोर्टनं फाइल मागवली! अख्खी फाइल बांधून जबलपूरले रवाना. जज मॅडमले घाम फुटला असंल. भिवाजीले माझ्या वाटणीचा गूळ दिला.

टीप: बाहेर गेल्यावर दुकानाची पाटी बदलणे. ‘टायपिंग व कायदेविषयक सल्ला’.

२९ जून.
सुनंदानं चमत्कार केला. अभिजीतले घेऊन मुलाकातीले आली. कपाळावरचा व्रण दिसते, पण शोभते त्याले. दीड महिना ती रोज पूल ओलांडून माहेरी गेली म्हणे, भावाच्या दारात बसली. अभिजीत म्हणे, भाऊजी, बारा तारखेले लोक अदालत आहे, राजीनामा करून टाकू, आपसात केस मिटवून टाकू, माझं काही म्हणणं नाही. फक्त एकदा चुकलं म्हणा.

मी मोठ्या मनानं म्हणलं, झालं ते झालं. सुनंदानं डोळे वटारले. मग हळूच म्हणलं, चुकलं. जाळीतून स्पष्ट ऐकू गेलं नसंल, त्यामुळं कायद्यानं ते धरता येत नाही.

भिवाजी पण बारा तारखेलेच जाणार आहे. सामान बांधून ठेवलं. रोजनिशी वरच्या बाजूले.

१२ जुलै. संध्याकाळी.
काय लिहू.

कोर्टात समदे होते. अभिजीतनं दुकान बंद ठेवलं होतं. सुनंदानं माझा इस्त्री केलेला शर्ट आणला होता, तिथूनच घरी जायचं म्हणून. जज मॅडमनं हसून विचारलं, राजीनामा आहे ना, द्या फाइल. बाबूनं सांगितलं, फाइल जबलपूरले आहे. मॅडमनं विचारलं, कोणी मागवली? बाबूनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमनं पाहिलं. मग अभिजीतनं. सुनंदानं पाहिलं नाही, ती शर्टाची घडी करून राहिली होती.

मॅडम म्हणे, मूळ कागद नाही, तर मी सही कशावर करू?

भिवाजी सुटला. त्यानं आयुष्यात एक पिटीशन लिहिली नाही. जाताना माझ्या पाया पडला, वकीलसाहेब म्हणला. मले रडू आलं, साफ सांगतो.

१५ जुलै.
पिटीशन नंबर तीन: फाइल ताबडतोब वापस पाठवावी. अर्जंट.

६ ऑगस्ट.
जबलपूरचं पत्र. नंबर तीन ही नंबर दोनले जोडली आहे, तिन्हींची सुनावणी एकत्र होईल. तोवर फाइल तिथंच. थोडक्यात, फाइल वापस द्या ही मागणी ऐकायले फाइल ठेवून घेतली. कायद्यात चूक सापडत नाही. शोधून पाहिली.

२२ ऑगस्ट. पोळा.
जेलमध्ये पुरी भेटली. बैल नाही, तोरण नाही. मले घरी जायचं आहे.

२३ ऑगस्ट. गोटमार.
तीस वर्षांत पहिली चुकली. इथून काही ऐकू येत नाही. माझ्याबिगर पांढुर्ण्याची बाजू कच्ची पडंल, एवढीच काळजी आहे.

२४ ऑगस्ट.
सुनंदा आली. पांढुर्ण्यानं दुपारी दोनच्या आत झाड तोडलं, झेंडा देवळात. इतकं लवकर कधीच झालं नव्हतं म्हणे. मी विचारलं, माझ्याबद्दल कोणी विचारलं का? तिनं खूप आठवून पाहिलं.

म्हणजे आता गोटमार संपली. तुमच्या हिशोबानंही संपली, सुनंदा म्हणे. मी म्हणलं, हो.

२८ ऑगस्ट.
जबलपूरचा निकाल. तिन्ही पिटीशन खारीज. अर्जदारानं खालच्या कोर्टात जमानत कधी मागितलीच नाही, आधी ती मागावी. फाइल वापस निघाली आहे.

दुपारी श्रुती मॅडम आली, मी न बोलावता. पिशवीतून कागद काढला. तोच, मे महिन्यातला, घडीवर पिवळा पडलेला. म्हणे, काका, इथं एक सही. मी वाचायले चष्मा मागितला नाही. सही केली. तारखेत मे खोडून ऑगस्ट केलं.