अर्ध्या सँडविचचे अठ्ठेचाळीस रोल

प्रिय अक्का,

तुला वाकून नमस्कार. (पूर्ण वाकणं आता होत नाही, तेव्हा गुडघ्यांपर्यंतच पोचला असं समज. सध्या तुझे गुडघेच दुखतायत, म्हणजे नेमका जागेवर पोचला.) कसे आहेत गुडघे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की त्याचा कागद उशाशी ठेवून झोपतेस? भावोजींच्या कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? आलं नसेल तर घाई करू नका, तू बोलत असताना ते इतके प्रसन्न दिसलेले मला आठवत नाहीत. भाच्याची पाठ काय म्हणते? सूनबाईंची सर्दी? नातीचा दात पडला असं लिहिलंस, पण वरचा की खालचा ते लिहिलं नाहीस. अशी अर्धी बातमी पाठवत जाऊ नकोस, मी इथे चार दिवस विचार करत बसतो. मांजरालाही विचारलंय म्हणून सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे. उजव्या हातावर तेलाचे तीन फोड आहेत, त्यांचीच हकिगत सांगायला हे पत्र.

तू गेल्या पत्रात विचारलंस, "तिथे तुझं आहे कोण?" मागची खोली रिकामी झाली आहे, मी तुमच्याकडे राहायला यावं, आणि महिनाअखेरीपर्यंत कळवलं नाही तर भाचा ती एखाद्या विद्यार्थ्याला देणार, वगैरे. खरं सांगतो, वाचून मला राग आला. म्हटलं, चाळीस वर्षं या इमारतीत राहतोय, माझं कोण आहे म्हणजे काय? मग राग उतरल्यावर बोटं मोजायला बसलो. अंगठ्यावर तुझ्या भावजयीचं नाव घ्यायची सवय, ती जाऊन आता दोन वर्षं झाली, तिथेच अडलो. शेवटी ठरवलं की हा निकाल आपण एकट्यानं लावायचा नाही. जिन्यावरच्या पंधराही बिऱ्हाडांना शनिवारी संध्याकाळी खायला बोलवायचं. माणसं आली, तर मी इथला. नाही आली, तर तुझ्या मागच्या खोलीतला.

आता खायला काय करायचं? तू म्हणशील, चहा-बिस्किटं ठेवायचीस आणि मोकळं व्हायचंस. पण त्यालाही कारण आहे. आमच्या इमारतीच्या खाली सँडविचचं दुकान होतं, तुला आठवत असेल, तू आलीस तेव्हा तिथल्या लोणच्याच्या बरणीपाशी उभी राहून दुकानदाराशी भांडली होतीस. काळसर आंबूस पाव, त्यात खारवलेल्या मांसाचे पातळ काप, आंबवलेला कोबी, वितळलेलं चीज आणि एक गुलाबी सॉस. दर शनिवारी आम्ही एक सँडविच आणायचो, अर्धं तिला, अर्धं मला. (मोठं अर्धं तिला. ते कुठलं हे ती ठरवायची.) ती गेल्यावरही मी आणत राहिलो, पण अख्खं मला संपायचं नाही, आणि उरलेलं अर्धं रविवारी सकाळी फ्रीज उघडला की माझ्याकडे बघायचं. मग दुकानच बंद झालं. आता तिथे मोबाइल दुरुस्त करतात. तेव्हा म्हटलं, तेच सँडविच करावं, पण एका घासाचं, कुरकुरीत तळलेलं. मैद्याच्या पातळ पानात सगळं सारण गुंडाळायचं आणि सोडायचं तेलात. लहान लहान असलं की अर्धं उरायचा प्रश्न येत नाही.

स्वयंपाक मला कुणी शिकवला नाही, तसं पुस्तक बांधायलाही कुणी शिकवलं नव्हतं. सहावीत शाळा सोडली आणि जुनी पुस्तकं उसवून उसवून शिकलो. म्हटलं, सँडविचही उसवून बघू. तीन आठवडे लागले, अक्का! मांस मिठाच्या पाण्यात पाच दिवस बुडवून ठेवलं. कोबी चिरून, मीठ चोळून बरणीत भरला आणि झाकण घट्ट लावलं. (लावायचं नसतं. सहाव्या दिवशी ते झाकण आपण होऊन उडालं आणि छताचा पोपडा घेऊन खाली आलं. मी त्या वेळी वाकून चप्पल शोधत होतो म्हणून आज तुला पत्र लिहितोय.) मग त्या कोबीचं पाणी निघेना. पाणी राहिलं तर तळताना तेल उडतं. हातानं पिळला, फडक्यात पिळला, शेवटी फडक्यासकट पुस्तकं दाबायच्या लोखंडी यंत्रात घातला आणि चाक फिरवलं. असा कोरडा झाला की काय सांगू! फक्त एका प्राध्यापकांचा शब्दकोश यंत्राच्या खालीच ठेवला होता, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. त्यांना मी जुन्या चामड्याचा वास येतो असं सांगितलंय. ते हुंगून म्हणाले, अस्सल आहे.

तळण्यात मात्र पहिल्या घासाला माशी. पहिले सहा रोल कढईत पडल्याबरोबर फुटले, चीज तेलात आणि तेल माझ्या हातावर. ते हे तीन फोड. मी खुर्चीवर बसून फोडांवर फुंकर घालत विचार केला, की बाबा रे, चाळीस वर्षं तू पुठ्ठ्याचे कोपरे मुडपतोयस, आणि मैद्याचं एक पान तुला मुडपता येत नाही? मग बांधणीत मुडपतो तसे कोपरे आत घेतले, कडांना मैद्याची खळ लावली, अर्धा तास वजनाखाली ठेवले. त्यानंतर एकही फुटला नाही. अठ्ठेचाळीस रोल, सगळे एका मापाचे. पट्टी लावून बघितले.

आमंत्रण साधं कसं द्यायचं? शिल्लक राहिलेल्या उत्तम कागदाच्या पंधरा छोट्या पुस्तिका केल्या. आठ पानी, दोऱ्यानं शिवलेल्या, मुखपृष्ठावर सोनेरी वर्खाचं एक फूल, पहिल्या पानावर फक्त "शेजाऱ्यांसाठी". मधलं जोडपान शोभेसाठी कोरं ठेवलं. दिवस, वेळ आणि मजकूर दुमडीच्या आतल्या पानांवर. आणि पूर्वीच्या भारी पुस्तकांसारख्या वरच्या कडा दुमडलेल्याच ठेवल्या, न कापता, म्हणजे वाचणाऱ्यानं सुरीनं पानं सोडवत जायचं. त्यात एक गंमत असते. प्रत्येकाच्या टपालपेटीत एकेक टाकली आणि मी अगदी हवेत.

शनिवारी चार वाजता इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. खुर्च्या चारच, म्हणून मोठ्या ग्रंथांच्या थप्प्या करून त्यांवर चादरी घातल्या. दार सारखं आपोआप मिटत होतं, ते उघडं राहावं म्हणून अडकण लावली. पाच वाजले. साडेपाच झाले. या जिन्यावरची पावलं मला सगळी पाठ आहेत, अक्का. शिंपी डावा पाय घासतो. तिसऱ्या मजल्यावरचे वकील दोन दोन पायऱ्या चढतात. संगीताच्या बाई प्रत्येक वळणावर थांबतात. त्या दिवशी सगळी पावलं आली, माझ्या दारापर्यंत आली, आणि पुढे गेली. वकिलांनी तर उघड्या दारातून हातही केला. मी ताट उचलून अर्धा उठलो होतो.

सहा वाजता रोल गार पडले म्हणून परत तळले. सात वाजता परत. तिसऱ्या खेपेला माझं लक्ष दाराकडे होतं, म्हणून तेल धुरावलं, आणि त्या धुरावर वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई ओला टॉवेल घेऊन धावत आल्या. (आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या घरात कुणी धावत आलं.)

"अहो पुस्तकवाले! जिवंत आहात ना? घरभर धूर, आणि तुम्ही लग्नाला निघाल्यासारखे काय बसलायत?"

मी म्हटलं, पाहुणे होते, आत्ताच गेले.

त्यांनी ताटांकडे बघितलं. "काही न खाता?"

"सगळे पथ्यावर आहेत."

बाईंनी गॅस बंद केला, खिडकी उघडली, ग्रंथांच्या थप्पीवर बसल्या आणि न विचारता एक रोल तोंडात टाकला. चावता चावता थांबल्या. म्हणाल्या, "हे खालच्या दुकानातलं सँडविच आहे हो!" अक्का, ते एक वाक्य मी कापून चिकटवून ठेवलं असतं. मग मी विचारलंच, की माझी पुस्तिका नाही का मिळाली तुम्हाला?

"मिळाली की! किती गोड वही. पण निम्मी पानं चिकटलेली होती, म्हटलं म्हाताऱ्याचा हात चुकला असेल, कशाला बोला. मधल्या कोऱ्या पानावर मी माझ्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्यात."

मी म्हटलं, बाई, ती चिकटलेली नसतात, कापायची असतात.

"हे कुणाला माहीत असतं?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

मी जरा विचार करून म्हटलं, "बांधणीवाल्यांना."

त्या वर जाऊन वही घेऊन आल्या. मी सुरीनं कड सोडवली. आत लिहिलं होतं, "शनिवारी पाच वाजता या. हात रिकामे आणि पोट रिकामं घेऊन या. बाकी काही नको, माणसं हवीत." त्यांनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं, मग हसत सुटल्या, इतक्या की ठसका लागला. आणि मग हसायच्या थांबल्या, आणि चष्मा पुसत बसल्या. एकूण अकरा रोल खाल्ले त्यांनी. शेवटचे चार भुकेनं नव्हते, एवढं मलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बातमी जिनाभर केली. तेव्हापासून जो भेटतो तो म्हणतो, "अहो, कळलं असतं तर आलोच असतो!" शिंपी म्हणाला, त्यानं पुस्तिका मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली घातली होती, पण आलाच असता. संगीताच्या बाई शिकवणी रद्द करून आल्या असत्या. वकील म्हणाले, तत्त्वतः ते आलेच असं धरा, आणि दोन दोन पायऱ्या चढून गेले. पंधरापैकी तेरा जण आले असते, अक्का! दोघे गावाला गेले आहेत, नाही तर तेही आले असते. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे, की इथे माझं पुष्कळ आहे. मी येत नाही. भाच्यानं खोली खुशाल त्या विद्यार्थ्याला द्यावी. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, मांजराला जे द्यायचं ते तू दे.

तुझा धाकटा,
ठोकळ्या

ता. क. नर्सबाई महिनाअखेरीस मुलीकडे राहायला जाणार आहेत. त्या मला विचारत होत्या, जाऊ का? मी म्हटलं, बाई, आपलं माणूस बोलावतं तेव्हा जावं, त्यात कसला विचार. त्यांना ते पटलं.

ता. क. २. त्या विद्यार्थ्याला लगेच होकार कळवू नका. मला घाई नाही, फक्त एक माहिती हवी आहे. मागच्या खोलीतून, दार लावलेलं असलं तरी, घरातल्यांचं बोलणं ऐकू येतं का? शब्द कळले नाहीत तरी चालेल. रात्रीचं जेवण चालू असताना तू स्वतः आत जाऊन बस, ऐक, आणि मग मला लिही. भावोजींना पाठवू नकोस, त्यांचा कौल धरता येणार नाही. आणि फोन करू नकोस. फोनवर मी "माझं छान चाललंय" असं म्हणून ठेवून देईन. पत्रच पाठव, आणि होईल तितकं लवकर पाठव.