फितूर कळायच्या आत लाईट गेली

ती. ज्योतिबामामांस,

फलटणहून संयोगिताचा साष्टांग नमस्कार. तिकडच्या बर्फात तुमचा गुडघा काय म्हणतो? आई मेथीचे लाडू पाठवते आहे. फोनवर बोलले की सगळं घर ऐकतं, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या युनिटमधले विश्वजीत रविवारी इस्लामपूरहून आईवडिलांसह मला पाहायला येऊन गेले. झालं ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते (थोडं जरी लपवलं तरी मला झोप लागत नाही). ते आले तेव्हा आजोबांची मालिका चालू होती. वरच्या साहेबांनी कट करून खुनाच्या आरोपात अडकवलेला फौजी स्नायपर पळत फिरतो, तीच मालिका. आजोबा रिटायर हवालदार, त्यामुळे टीव्ही बंद करणं म्हणजे जवानाला एकटं सोडून येणं. स्नायपर उसात शिरला तसे आजोबा ओरडले, "आरं, तोडणी चालू हाय, उसात कशापायी लपतुयास?" विश्वजीतचे वडील लगेच सरसावले, "व्हय की! आन् ऊस तरी बघा, कमरंएवढा बी न्हाई!"

नेमकी तेव्हाच मी पोहे घेऊन आले. आजोबा म्हणाले, "खाली बस गं, दिसंना!" मी बसले (घाबरले की मी सांगितलेलं लगेच करते). बऱ्याच वेळाने लक्षात आलं, मी विश्वजीतच्या शेजारी बसून त्यांच्याच बशीतले पोहे खाते आहे. शिक्षण, स्वयंपाक, पत्रिका, कुणी काही विचारलं नाही. स्नायपरच्या माणसांतला फितूर कोण, हे कळणार तोच लाईट गेली. वाट पाहून मंडळी उठली. चप्पल घालता घालता विश्वजीत मला म्हणाले, "लाईट आली की कळवा."

मामा, ती मालिका नंतर फोनवरही बघता येते. मग मी काय कळवायचं? होकाराआधी परस्पर फोन करणं बरं दिसत नाही, आणि न कळवावं तर माणूस वाट बघत राहील. होकार अजून आलेला नाही. आई म्हणते, बशीनं घात केला. नकार आला तरी मला काही वाटणार नाही.

तुमची भाची,
संयोगिता

ता. क. वरचं शेवटचं वाक्य खरं नाही. खोडलं तर पत्र खराब दिसेल, म्हणून राहू दिलं.

ता. क. फितूर कोण ते आजोबांनी नंतर पाहिलं. मी तेवढा वेळ कानांत बोटं घालून मोरीत उभी होते. विश्वजीत सुट्टी संपवून तिकडे आले की त्यांना एवढंच सांगा, लाईट आली आहे.