शंभर वॅट आणि तुमचा तळहात

तीर्थरूप बाबांना इतक्या लांबून वाकून नमस्कार.

फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही, आणि मधे बसून आई माझं निम्मंच तुमच्यापर्यंत पोहोचवते. म्हणून सरळ लिहितेय.

आमच्या बँडने गिटारसाठी नवा अँप्लिफायर घेतलाय. काचेच्या वॉल्व्हचा, शंभर वॅटचा. तुम्ही दुरुस्त करायचात त्या रेडिओंचा हा पैलवान भाऊ समजा. उचलायला दोघं लागतात.

आवाजाचं बटण दोनवर असलं की तो अगदी सभ्य वागतो. चारवर नेलं की त्याच्या अंगात येतं. तार हळू छेडली तर गुणगुणतो, जोरात छेडली तर गुरगुरतो, आणि बोटांची एकही चूक झाकत नाही. माझ्या चुका कमी झाल्यात, हे आईलाही सांगा.

पहिल्या दिवशी मी तुमच्यासारखंच म्हटलं, "थांबा, आधी वॉल्व्ह तापू देत." ड्रमवाला हसला. आता तोच सगळ्यांना थांबवतो.

कानांची काळजी नको, मी बोळे घालते. एकदाच विसरले, तेव्हा डावा कान दोन दिवस वाजत होता. आता बरा आहे. तुमचंही असंच सुरू झालं होतं का, तेवढं कळवा.

तुमचं कानाचं मशीन ड्रॉवरमध्येच पडलंय ना? राहू दे. रेडिओच्या लाकडावर तळहात ठेवून तुम्ही तो बरा झाला की नाही ते सांगायचात. इकडे आलात की तसाच हात या खोक्यावर ठेवा, मी वाजवते. चुकले तर तुम्हाला कळेलच.

तुमची,
धाकटी