विहिरीच्या रानाची ओळ

आप्पा, तुम्ही गेलात त्या वर्षी मी वहीत तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं की आत्तीच्या हक्कसोडपत्रातली एक ओळ पुसट टाइप झाली होती, म्हणून मला वाचता आली नाही. ते खरं नव्हतं. ओळ स्वच्छ होती. मी सहावीत होते आणि ती एका दमात वाचू शकले असते.

शाहूपुरीतल्या आपल्या गुळाच्या पेढीमागचं स्वयंपाकघर. आत्ती, तुमची धाकटी बहीण, गडहिंग्लजहून आलीय आणि माझ्या आईला, अव्वाला, बाजूला सारून स्वतः भाकरी थापतेय. वडिलार्जित मिळकतीतला हक्क तिनं तुमच्यासाठी सोडायचा, तुम्ही तिला साडी-चोळी करायची. आपल्याकडं सगळ्या बहिणींनी तेच केलेलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत जायचं होतं. तिला वाचता येत नाही. तुम्हाला ती अण्णा म्हणते. ती म्हणते, "नुसतं अंगठा दे म्हणतोय अण्णा. लिवलंय काय ते तरी ऐकू दे की. वाच गं, मास्तरीण." तुम्ही दारात उभे. मला वाचायला तुम्हीच शिकवलंत, गुळाच्या विक्रीच्या हिशेबपट्ट्यांवर. एक ओळ गाळली की पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायचात. मी घराची ओळ वाचली. पुढं विहिरीचं रान होतं. तुम्ही म्हणालात, "पुरे आता. भाकरी करपंल." तवा अजून रिकामा होता. मी थेट शेवटच्या ओळीवर गेले, राजीखुशीने लिहून देते.

तिला हिरवं इरकल लुगडं मिळालं, मला शाईचं पेन. ते इरकल ती तुमच्या मातीला नेसून आली होती.

आता दादा माझ्या हक्कसोडीचा कागद घेऊन आलाय. "सही कर की. तू काय तिथं ऊस लावणार हायस? इरकल न्हाय, पैठणी घेतो तुला."

"आधी वाचते."

"वाच, वाच. आप्पांनीच बिघडवलंय तुला."

त्यात ते विहिरीचं रान मला पुन्हा भेटलं. मग मी एका वकीलबाईंना गाठून, रान कुणाला द्यायचं तर कसं देतात, ते विचारत सुटले. त्या म्हणाल्या, "अंगठी हातात ठेवली की दिली. रान तसं देता येत नाही. बक्षीसपत्र लागतं, नोंदणी लागते, आणि देणारा जिवंत असतानाच घेणाऱ्यानं ते स्वीकारावं लागतं." याचं मला फार नवल वाटलं. घेणाऱ्याचा होकार कायदा विचारतो. मग सोडणाऱ्याला आपण काय सोडतोय ते कळलं होतं का, हे त्या दिवशी कुणी विचारलं?

वारशानं आलेला माझा वाटा आधी वेगळा करून घ्यायचा आणि त्यात येईल ते विहिरीचं रान आत्तीला बक्षीस द्यायचं, असं ठरवलंय. ती घेईल का, माहीत नाही. कदाचित तिला तेव्हाच कळलं असेल. रिकामा तवा तिच्या तर पुढ्यातच होता. तरी अंगठा का दिला, हे मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. तुम्हाला विचारायचं राहून गेलं.

आधी तिला तो जुना कागद सगळा वाचून दाखवायला हवा. ती ओळ मला पाठ आहे, पण तोंडी म्हणताना पुन्हा गाळेन अशी भीती वाटते, म्हणून कचेरीतून नक्कल काढून आणलीय. दादाला अजून काही सांगितलेलं नाही. येत्या गुरुवारी जाणार, गडहिंग्लजच्या पहिल्या एस.टी.नं.