अंगठ्याचं माप

४ डिसेंबर, गुरु.

गुरप्रीत गेली. तिच्या बाबांची बदली आसामला. नाशिक रोडला गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी तिने एक जड पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. आत तिचा कन्सोल. "नया वाला आएगा तो मैं वो लूँगी. ये अब तेरा." रडायचं नाही असं ठरलं होतं. नाही जमलं.

आमच्या लष्करी कॅम्पात परत येईपर्यंत बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. कन्सोल जुना, कंट्रोलर एकच, आणि त्याची अंगठ्याने फिरवायची डावी स्टिक ड्रिफ्ट होते. म्हणजे हात नाही लावला तरी गेममधली मुलगी आपली डावीकडे चालत राहते. आईने टीव्हीसमोर उभं राहून बराच वेळ बघितलं. म्हणाली, "हिला एवढं जायचंय तरी कुठे?"

न.क. = नवीन कन्सोल. आजपासून असंच लिहिणार, कारण रोज लिहिणार आहे. न.क. मध्ये मला हवी चुंबकावर चालणारी स्टिक. आतले भाग एकमेकांना लागतच नाहीत, म्हणून झिजतही नाहीत. न लागता कळतं, किती हललं ते. बसमध्ये पूर्ण वेळ हेच डोक्यात.

७ डिसें., रवि.

कंट्रोलर उघडायला बारीक पेचकस हवा होता म्हणून दुकानात गेले. पप्पांचं टेलरिंग म्हणजे सगळं फौजी काम. पप्पा कापतात, राजूकाका मशीनवर शिवतात. सव्वीस जानेवारीच्या परेडचे शर्ट आलेत, टेबलावर हिरव्या गरम कापडाचा डोंगर.

पप्पांनी कंट्रोलर उचलला, उलटा केला, शिवण शोधतात तसा कडेकडेने बघितला.

"हे रेडीमेड आहे."

"सगळेच रेडीमेड असतात, पप्पा."

"सहा फुटी जवान आणि तू. दोघांना एकच माप?"

जगभर एकच, म्हटलं. राजूकाका मशीन न थांबवता म्हणाले, "मंग लय जणांना टोचत असंल."

पप्पांनी गळ्यातली टेप काढली आणि माझा हात मापला. खरंच मापला. मापाच्या वहीत एका सुभेदार साहेबांच्या खाली माझं नाव लिहिलं. पंजा पावणेसात, रुंदी तीन, अंगठा सव्वादोन. (इंग्लिश मीडियमच्या मुलींना पावणेसात कळत नाही म्हणे. टेलरच्या मुलीला कळतं.)

मग न.क. साठी असं दुकान हवं. आत गेलं की गळ्यात टेप असलेला माणूस म्हणेल, हात पुढे करा. नाव लिहून घेईल आणि सांगेल, बुधवारी ट्रायलला या.

९ डिसें., मंगळ.

न.क. चं एक लीक झालेलं चित्र फिरतंय. धूसर, कुणीतरी टेबलाखालून काढल्यासारखं. कंट्रोलर गोलसर, खडा असतो ना नदीतला, तसा. खरं की कुणी घरी बसून बनवलेलं, माहीत नाही. मला खरंच वाटतंय.

म्हणे नवीन हॅप्टिक्समध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या थरथरण्यात, वाळू वेगळी लागेल, गवत वेगळं, ओलं लाकूड वेगळं. बोटाखाली. मग कापड का नाही? लहानपणी पप्पांचा नि माझा खेळ होता. ते डोळे मिटायचे, मी हातात चिंधी द्यायची. अंगठा आणि बोट, दोनदा चोळलं की उत्तर. "पोलिसाची खाकी. दोन वेळा धुतलेली." कधीच चुकले नाहीत. मी एकदा माझा शाळेचा टाय दिला तर म्हणाले, "ह्याच्यावर वरण सांडलंय."

न.क. बनवणाऱ्यांनी पप्पांचा अंगठा बघायला हवा.

११ डिसें., गुरु.

रेंजवर तोफांचा सराव. आधी काचा थरथरतात, मग आवाज येतो. आज जमिनीवर पाय टेकून बसले नि मोजत राहिले. तळव्यातून वर येतं ते, गुडघ्यापर्यंत. कॅम्पातल्या मुलांना हॅप्टिक्स म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

१४ डिसें., रवि.

आज पप्पांनी "घे, ट्रायल" म्हणून समोर काय ठेवलं तर कंट्रोलर! कापडाचा. बाहेरून पांढरं बकरम, कॉलरमध्ये कडकपणाला घालतात ते. आत कातरण ठासून भरलंय. स्टिकच्या जागी कोटाची मोठी बटणं, बाकी चार शर्टाची. माझ्या मापाचा. धरला आणि हात असा बसला की खाली ठेववेना.

"कुठे घट्ट होतंय?"

"कुठेच नाही."

"कुठेतरी होतंच. आठवडाभर धर, मग सांग."

गेमवाल्यांच्या फोरमवर फोटो टाकला, न.क. कडून माझी अपेक्षा असं लिहून. एकाने लिहिलं, ही उशी आहे. दुसऱ्याने लिहिलं, मला पण अशी उशी पाहिजे. गुरप्रीतचा मेसेज: "अंकल को बोल एक मेरे साइज़ का."

१८ डिसें., गुरु.

दुकानात थोडा घोळ झाला. एका हवालदार साहेबांचा शर्ट ट्रायलला आला आणि पुढचा उजवा भाग उलटा. ह्या कापडाला सुलट बाजूला बारीक लव असते, उलट बाजूला नसते. रंग सेम. डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं. राजूकाका म्हणाले, "मास्तर, ही बाजू उलटी कापली हाय." पप्पा हसले. "ट्यूब गेलीये रे, अंधारात काय दिसतंय."

संध्याकाळी मी नवीन ट्यूब लावून दिली. लख्ख. पप्पा म्हणाले, वा.

२१ डिसें., रवि.

हे नीट लिहायला हवं.

दुपारी पप्पांना म्हटलं, बसा, एक दाखवते. गेममध्ये एक रस्ता आहे, आधी गवत, मग खडी. खडीवर कंट्रोलर बारीक खडखडतो, जुन्यात सुद्धा. पप्पांच्या हातात दिला, चालवलं. ड्रिफ्टमुळे मुलगी डावीकडच्या ओढ्यात चालली होती. आई मागून, "अहो, सांभाळा, पडेल ती." खडी आली. विचारलं, लागतंय?

"हो हो. मस्त. बरोबर खडी."

नंतर बघितलं तर व्हायब्रेशन बंद होतं. बॅटरी पुरावी म्हणून मीच काल बंद केलेलं.

आधी हसू आलं. माझं मन राखायला म्हणाले असतील. तसेच आहेत ते. मग सोफ्यावरचा बकरमचा कंट्रोलर उचलला, नुसताच. बटणांच्या भोवती बारीक तपकिरी ठिपके आहेत. आठवडाभर मला वाटत होतं गंज आहे, सुईचा.

सुई टोचली की पप्पा बोट तोंडात घालतात. इतक्या वेळा टोचली आणि

२२ डिसें., सोम.

रक्तच आहे.

२५ डिसें., गुरु.

सुट्टी. दुकानात बसले, मोबाइल बघतेय असं दाखवून. पप्पा कापड घेतात, चोळत नाहीत. भिंतीकडे वळतात आणि गालाला लावतात. गालाने सुलट-उलट बघतात. मग खडूने खूण, मग कात्री.

पप्पा चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा राजूकाकांना विचारलं. त्यांनी मशीन थांबवलं. ते कधी थांबवत नाहीत.

"दिवाळीपासून. उजव्या हाताची बोटं बधिर. मास्तरांनी शपथ घातली हाय, घरी बोलायचं नाय म्हणून."

"डॉक्टर?"

"सव्वीस जानेवारी होऊ दे म्हणतेत."

मग म्हणाले, "मी शिवीन गं कितीबी. पण कापायचं मला नाय येत. कापणारा मास्तर असतो."

मला माहितीये हे. हात गेला तर दुकान नुसतं शिलाईचं होईल. पप्पा पप्पा राहतील, पण मास्तर? बोटांना परत कळायला हवं. बाकी काही नको. न.क. पण नको. (हे लिहिलं आणि लगेच वाटलं, न.क. हवाच आहे. दोन्ही.)

२८ डिसें., रवि.

आईला सांगितलं नाही. दिवसभर कागदावर कंट्रोलर काढत बसले. ज्याच्या अंगठ्याला कळत नाही त्याच्यासाठी कसा असेल? खडी तळव्यात लागावी, गवत करंगळीला, पाऊस मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे बाळाच्या दुधाचा थेंब टाकून बघतात कोमट आहे का. कंट्रोलरने आधी विचारावं, तुला कुठे कुठे कळतं? आणि मग तिथेच बोलावं. पहिल्यांदा चालू केल्यावर भाषा विचारतात ना, तसं.

फार सुंदर वाटलं हे. मग वाटलं, आधी मीच विचारायला हवं.

१ जाने., गुरु.

विचारलं.

गेममधली गाडी चालू करून नुसती उभी ठेवली की कंट्रोलर गुरगुरत राहतो, मांजरासारखा. आई शेजारी गेली होती. पप्पांना म्हटलं, हात पुढे करा, ट्रायल आहे. त्यांना बहुतेक तेव्हाच कळलं. डोळे मिटले.

एकेक बोटाचं टोक टेकवलं. अंगठा. मानेनेच नाही. पहिलं बोट, नाही. मधलं, "असेल." असेल म्हणजे नाही. करंगळीला लगेच, "हां." त्याच्या शेजारचं बोट मजेशीर, करंगळीकडची बाजू हो, दुसरी बाजू नाही. अर्धं बोट.

मी त्यांच्याच खडूने हातावर रेषा मारल्या, जिथपर्यंत कळतं तिथपर्यंत. कापायच्या आधी कापडावर मारतात तशी.

डोळे उघडून हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सरळ मारलीयेस रेघ."

"पप्पा, डॉक्टरकडे जायचं."

"परेड होऊ दे."

"खडी नव्हती त्या दिवशी. बंद होतं."

हळूच म्हणाले, "तू इतकं हौसेने विचारलंस."

मला राग आला. रागातच सांगितलं, परवापर्यंत नाही गेलात तर आईला सांगते. म्हणाले, "सांग. तिने पण हौसेने विचारलं तर तिलाही 'हो हो, मस्त' म्हणीन." हसलो दोघं. मग नाही हसलो.

३ जाने., शनि.

गेलो. आई पण. (तिला आधीपासून माहीत होतं. पप्पांच्या शर्टाची बटणं नोव्हेंबरपासून तीच लावून देतेय. घरात सगळेच एकमेकांपासून लपवत होतो.)

हाताचा कागद दाखवला, खडूच्या रेषा मी उतरवून घेतल्या होत्या. डॉक्टर अर्ध्या बोटावर थांबले. "हे कुणी काढलं?" मग म्हणाले मनगटात नस दबली असावी, ती असंच करते, अर्ध्या बोटापर्यंत. रात्री बांधायला पट्टा दिला. नसांची तपासणी करायची, मग ऑपरेशन लागेल का ते ठरेल. मी विचारलं, परत येईल का कळायला? "किती उशीर झालाय त्यावर आहे."

पप्पांनी तपासणीची तारीख २८ जाने. घेतली. परेड झाल्यावर. एवढं त्यांचं ऐकलं आम्ही.

११ जाने., रवि.

दुकानात नवीन पद्धत. कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर मी हात फिरवते आणि सुलट बाजूला खडूने फुली मारते. आधी दोनदा चुकले. पप्पा म्हणाले, "अंगठ्याने दाबू नकोस. विचार त्याला." कापडाला विचारायचं. तिसऱ्या दिवशी कापड बोलायला लागलं, शप्पथ. लव म्हणजे अगदी बारीक, श्वासासारखी, एकाच दिशेला झोपलेली. हे कुठलं न.क. बनवणार.

की बनवेल? दहा वर्षांनी?

२२ जाने., गुरु.

न.क. ची झलक आली. कॉलेजच्या कँटीनमध्ये बघितली, गुरप्रीत आसाममधून फोनवर. चुंबकाची स्टिक आहे. तेवढाच भाग आम्ही दोघींनी तीनदा बघितला. हॅप्टिक्स नवीन, पावसाचे थेंब मोजता येतील म्हणे. आकार नदीतल्या खड्यासारखा नाही, होता तसाच. माप एकच.

गुरप्रीत म्हणाली, "तेरे पापा वाला बेहतर है." मग म्हणाली, "पर ये भी चाहिए यार." मला पण.

पप्पांना दाखवलं. "रंग चांगला आहे," म्हणाले.

२६ जाने., सोम.

परेड. पप्पा परेड बघतच नाहीत, खांदे बघतात. "तो तिसरा, बाही अर्धा इंच लांब गेली." राजूकाका म्हणाले, "मास्तर, तो कदम टाकत चाललाय, दिसतंय कसं तुम्हाला?" एकही बाजू उलटी नव्हती. शिवायच्या आधी सगळ्या फुल्या मी मोजल्या होत्या.

२७ जाने., मंगळ.

उद्या तपासणी. नाशिकला जायचं, सकाळची बस.

संध्याकाळी पप्पांनी दुसरा ट्रायल दिला, सुधारलेला. अंगठ्याजवळ थोडं सैल केलंय. मी सांगितलंच नव्हतं तिथे घट्ट होतं म्हणून. टाके वाकडे आहेत, डाव्या हाताने घातलेत. ठिपका एकही नाही.

म्हटलं, पप्पा, आपला खेळ. चिंध्यांच्या पिशवीतून एक काढली. त्यांनी हल्लीच्या सवयीने डावा हात पुढे केला. मी थांबले. मग त्यांनी तो मागे घेतला आणि उजवा दिला.

डोळे मिटलेत. गालाला लावत नाहीयेत. अंगठा आणि बोट, एकदा, दोनदा, मग परत. मी समोर बसून हे लिहितेय. टीव्हीवर गेममधली मुलगी डावीकडे चाललीये, आई तिच्याकडे बघत शेंगा सोलतेय. बराच वेळ झाला.

मी म्हटलं, सांगू का?

"थांब," म्हणाले. "विचारतोय त्याला."