सुनांना पाठ झालेली उत्तरं

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज मी प्रसूती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तुम्हाला लिहितेय. कागद मांडीवर धरलाय, अक्षराला नावं ठेवू नका. नर्सिंगच्या पोरींना आता तुमच्या जागेवर मी शिकवते. निम्म्या वेळा तुमचीच वाक्यं माझ्या तोंडून निघतात, "वहीत काय बघतेस, पेशंटकडे बघ" हे तर रोजचं. ते तुम्ही मला गंगापूरकडच्या एका वस्तीवर, चुलीपुढं ऐकवलं होतं. मी एका गरोदर बाईला पालेभाजी खाता का विचारतेय, ती मान डोलावतेय, आणि तुम्ही सरळ उठून पातेल्यावरचं झाकण काढता. आत नुसतं तिखटाचं पाणी. मला सगळ्यांदेखत बोललात. परतीच्या जीपमध्ये मी रडत होते, तर तुम्ही शेंगदाण्यांची पुडी माझ्या मांडीवर ठेवलीत.

फुलंब्री रस्त्यावरचं एक गाव आमच्या कॉलेजनं कधीचं दत्तक घेतलंय. दर वर्षी नवी तुकडी तिथंच उतरते, कारण दुपारच्या जेवणापर्यंत गाडी परत येते. बायका हसून बोलतात, चहा केल्याशिवाय सोडत नाहीत. परवा एका घरात माझी विद्यार्थिनी आठव्या महिन्यातल्या सुनेला प्रश्न विचारत होती. लोहाच्या गोळ्या घेता? व्हय. पाय सुजतात? डोकं दुखतं? डोळ्यांपुढं अंधारी येते? नाय, नाय, नाय. पोरीचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. म्हटलं, इतक्या वर्षांत काहीतरी रुजलं म्हणायचं. मग ती चहा टाकायला उठली आणि तिनं भिंत धरली. इतका वेळ पाय साडीखाली दुमडून बसली होती. आता दिसले. सुजून तट्ट झालेले, जोडवी बोटांत रुतलेली. मी पोरीला तिचं प्रेशर बघायला लावलं. आकडा बघून तिनं पट्टा पुन्हा आवळला, दुसऱ्यांदाही तेवढंच चढलेलं.

अगं, मग नाही कशाला म्हणालीस, मी विचारलं. सुनेनं दारात बसलेल्या सासूकडे पाहिलं. सासू मलाच समजावत म्हणाली, "आवं बाई, उत्तर चुकलं की पोरींचे मार्क जातात ना. उन्हातान्हाचं येतात लेकरं. सून घरात आली की आमी तिला आधीच सांगून ठेवतो, कशाला व्हय म्हणायचं अन् कशाला नाय."

आमच्या पोरी पास व्हाव्यात म्हणून आख्खं गाव आमचा अभ्यास घोकत होतं, आणि आम्ही दर वर्षी खुशीत माघारी येत होतो. चिडायचं तरी कुणावर? त्यांनी माया केली हो. त्या मायेपायी ही पोर डोळ्यांदेखत गेली असती. आजवर असली किती उत्तरं आम्ही गोळा करून आणली असतील, कुणास ठाऊक.

कॉलेजच्या गाडीतूनच तिला शहरात आणलं. वाटेत तिला आकडी आली. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली माझी विद्यार्थिनी तेव्हापासून धड जेवलेली नाही. ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झालीय, एवढीशी, काचेच्या पेटीत आहे. आई वाचली.

आज सकाळी राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरनं तिला विचारलं, आता डोकं दुखतंय का. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "नाय." डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला. मी सिस्टरला पुन्हा प्रेशर बघायला सांगितलं आणि तिथंच उभी राहिले.

हा कागद पर्समध्येच राहील, धाडणार कुठं? पण एक गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगवत नाही, बाई. तिचं ते "नाय" खरं होतं की माझ्यासाठी होतं, हे मला ओळखता आलं नाही.